जावयाला पाहिजे जवस

नाही, आता तुम्हीच सांगा, जवस ही काय अंगाखाली घेऊन झोपायची वस्तू आहे? जवसाची चटणी करावी, कळण्याच्या भाकरीबरोबर खावी, घाण्यावर तेल काढावं, उरलेली ढेप म्हशीपुढे टाकावी, म्हैस खूश, आपण खूश... इथवर आमची अक्कल पोचते. पण जवसाची चादर? आणि ती कुणाच्या घरात? तर धनसिंगआबांच्या! ज्या माणसानं जन्मभर कापसाशिवाय दुसऱ्या पिकाकडे मान वळवून पाहिलं नाही! त्या साली भाव पडला म्हणून आबांनी कापूस विकलाच नव्हता, तर माजघरात कापूस, ओसरीत कापूस, देव्हाऱ्याच्या फळीखाली कापूस, तुम्हाला सांगतो, त्या घरात माणूस शिंकला तरी आधी कापूस उडायचा आणि मग शिंक ऐकू यायची! आणि अशा घरात विकत आणायचं काय, तर जवसाचं कापड! अहो, घरात कापूस आढ्याला टेकलाय, आणि जावयाला पाहिजे जवस!

जावई म्हणजे कौतिकराव. आबा आणि सुंदरबाई यांची एकुलती एक लेक वच्छला, ती यांना दिलेली. भुसावळला रेल्वेच्या हापिसात कारकून. कारकूनच बरं का, पण चालणं असं, की मागून इंजिन जोडलंय! लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात सासुरवाडीला आले, सुंदरबाईंनी हौसेनं नवीकोरी गादी, तीवर सात लुगड्यांची गोधडी, तीवर आणखी एक गोधडी असं सगळं घातलं, आणि हा माणूस त्यावर उताणा झोपला, वैशाखात! सकाळी उठला तर पाठीवर घामोळं, इथून तिथून, मोहरी पेरल्यासारखं! त्यानं काय करावं? ‘अशा घरी माझी बायको पुन्हा पाऊल टाकणार नाही,’ म्हणाला आणि वच्छलाला घेऊन गाडीत बसला. आता घामोळं याच्या पाठीला, त्यात वच्छलानं काय केलं होतं? पण जावयाला विचारतो कोण!

आणि झालं असं, की पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक आली नाही. आता तुम्ही खान्देशातले असाल तर मी पुढे काही बोलायची गरज नाही. आखाजीला साऱ्या गावच्या लेकी माहेरी, झाडाझाडाला झोके, गाणी, हसणं, भांडणं... आणि सुंदरबाईंच्या दारच्या निंबाला बांधलेला झोका रिकामा! त्या झोक्यावर त्यांनी दुसऱ्या कुणाच्या पोरीला बसू दिलं नाही. ओसरीत बसून नुसत्या त्याच्याकडे बघायच्या आणि पदरानं डोळे पुसायच्या. आबांनी विचारलं तर म्हणायच्या, ‘कापूस गया डोयामा.’ कापसाचा असाही उपयोग असतो.

मग देवाची करणी बघा, त्याच साली जेठ अधिक आला! धोंड्याचा महिना! या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, त्याला बोलवायचं, धोंड्यांचं ताट वाढायचं, तो मागेल ते द्यायचं, नाही म्हणायचं नाही. सुंदरबाईंनी पोराला, चुडामणला, तिथल्या तिथं मुराळी म्हणून धाडला. जा, बहिणीला घेऊन ये, आणि त्या नारायणालाही घेऊन ये, आणि त्याला सांग, काय पाहिजे ते देऊ, पण वच्छी महिनाभर इथं राहिली पाहिजे. चुडामण गेला आणि दोन दिवसांनी एकटाच परत आला. तोंड हे एवढं! ‘काय म्हणे?’ तर चुडामण छाती पुढे काढून, मिशीला पीळ देऊन, कौतिकरावांचा आवाज काढून सांगायला लागला:

‘लिनन! लिनन पाहिजे! आमचे साहेब लिननशिवाय अंग टाकत नाहीत. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार! घाम पिऊन टाकतं आणि वर कोरडंच्या कोरडं! जितकं धुवाल तितकं मऊ होतं. आजोबानं घ्यावं आणि नातवानं फाडू म्हटलं तरी फाटत नाही! सुरकुती पडते, पण ती सुरकुतीसुद्धा खानदानी. लिननची शय्या असेल तर येतो, पसंत पडली तर वच्छला महिनाभर राहील. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत!’

आता मजा ऐका. या माणसानं लिननला कधी हातसुद्धा लावलेला नव्हता! साहेबाच्या बंगल्यामागे दोरीवर वाळत घातलेलं लांबून पाहिलं होतं, बस! बाकी सगळं त्या साहेबाच्या खानसाम्यानं सांगितलेलं. म्हणजे खानसाम्याचं ज्ञान, कारकुनाचा रुबाब, आणि घोर कुणाला, तर बोरी नदीकाठच्या सुंदरबाईंना!

आबांनी विचारलं, ‘हाई लिनन म्हणजे काय शे?’ चुडामण म्हणाला, ‘जवसनी काडीनं सूत काढतस, त्यानं कापड.’ आबा असे बसले, असे बसले, की त्यांची चिलीम हातातल्या हातात विझली तरी कळलं नाही. जवस! जी काडी आपण बांधावर फेकतो, जी चुलीत घातली तर धड जळतसुद्धा नाही, तिच्यावर जावई झोपणार? आणि इथं पांढराशुभ्र, लांब धाग्याचा, हात लावला तर लाजेल असा कापूस पडलाय त्याचं काय? गावात चार माणसांत तोंड कसं दाखवायचं? ‘धनसिंग कापूसवाल्याचा जावई जवसावर झोपतो’ म्हणून पोरं मागे लागतील! ‘मी आननार नही,’ आबा म्हणाले. सुंदरबाई उठल्या, कंबरेला पदर खोचला, आणि म्हणाल्या, ‘मन्ही वच्छी महिनाभर ऱ्हायनी पाहिजे, बस! कापड जवसनं आना, नही ते काटासनं आना!’ संपलं. आबांनी पागोटं घातलं आणि बैल जुंपले.

आता आणायचं कुठून? अमळनेरच्या बाजारात विचारलं तर दुकानदार म्हणाला, ‘जवस भुसारवाल्याकडे मिळेल.’ शेवटी कळलं की धुळ्याला कुठल्याशा साहेबाची बदली झालीय आणि बंगल्यातल्या सामानाचा लिलाव आहे. आबा गेले. तिथं काय काय म्हणे, खुर्च्या, आरसे, टांगलेलं सांबराचं मुंडकं, आणि एका पेटीत न उघडलेल्या, घड्या न मोडलेल्या, खास विलायतेहून आलेल्या दोन चादरी! आबांनी बोली लावली. पण इतका आवाज चढवून, की लोकांना वाटलं हा म्हातारा भांडायलाच आलाय, त्यामुळे पुढे कुणी बोललंच नाही. चादरी मिळाल्या. त्या त्यांनी धुळ्यापासून घरापर्यंत कडब्याखाली लपवून आणल्या, गावातल्या कुणी पाहू नये म्हणून! कापूसवाल्याच्या गाडीत जवसाचं कापड! घरात कापूस आढ्याला टेकलाय, आणि...! जाऊ द्या.

घरी आणून घडी उलगडली. सुंदरबाईंनी हात फिरवला, आणि त्यांचा चेहरा पडला. अहो, मऊ कसलं मऊ! नुसता पुठ्ठा! उभी केली तर भिंतीला टेकून उभी राहील अशी चादर! खानसाम्यानं सांगितलं होतं ना, जितकं धुवाल तितकं मऊ? ते खरंच आहे हो, पण त्याला वर्षं लागतात, वर्षं! आणि इथं नारायण यायला आठवडासुद्धा उरला नव्हता. बाईंनी धुवायला घेतली. बोरी आटलेली, म्हणून विहिरीवर, मोटेच्या पाटाला बसून धोपटली, रिठ्यानं धुतली, पुन्हा धोपटली, रात्री भिजत घातली, सकाळी पुन्हा धोपटली, शेजारच्या भिकुबाईला वाटलं बाई कुणावर तरी राग काढतेय! चादर तशीच. जरा कुठं वाकायला लागली एवढंच. सुंदरबाई पाटाच्या कडेला बसल्या आणि रडायलाच लागल्या. ‘नही ऱ्हावाव वं मन्ही पोर... दुसरा दिन लई जाई तो...’

आता बायको रडली की आबांना काही सुचायचं नाही. पण त्या दिवशी सुचलं, हेच वाईट झालं. समोर जुनी, टाकून दिलेली मोट पडली होती. आता मोट म्हणजे कातड्याची, उन्हाळ्यात वाळून कडक लाकूड झालेली. आबा मोटेकडे बघतात, चादरीकडे बघतात, मोटेकडे बघतात... आणि मांडीवर थाप मारतात! ‘अवं, मोट कडक व्हयनी म्हणजे आपन काय करतस? तेल पाजतस! दोन दिनमा मऊ लोनी! मंग हाई कापडले बी तेल पाजानं!’ सुंदरबाईंनी नाक पुसलं. ‘कोनतं तेल?’ आणि आबा, साऱ्या खान्देशातलं शहाणपण एका बोटात आणून, बोट वर करून म्हणाले, ‘जात वळखानी! जवसनं कापड, जवसनं तेल!’

सांगा! आहे की नाही बिनतोड? मी तुम्हाला सांगतो, त्या वेळी तिथं कुणीही शेतकरी असता तर त्यानं मान हलवली असती! चाळीस वर्षं मोटेला, बैलाच्या शिंगांना, जोताच्या वादीला तेल लावलेला माणूस, त्याचं चुकेल कुठं? चुकलं एवढंच, की बाकीची तेलं कातड्यात मुरतात आणि जवसाचं तेल वाळतं. सुतार ते दरवाजाला लावतो ना, वाळून चकाकी येते ना, तेच! पण सुताराला विचारायला वेळ कुठं होता? तेल्याकडून घागर आली, नवरा-बायकोनं मिळून चादरीला तेल चोळलं, उलट, सुलट, कोपरे, काठ, अगदी बाळंतिणीच्या पोराला चोळावं तसं, आणि घराच्या धाब्यावर उन्हात वाळत टाकली. दुसरी चादर, देवाची कृपा, तेल संपलं म्हणून वाचली!

दोन दिवसांनी काढली. मऊ झाली होती, पण जराशी चिकट. सुंदरबाईंनी हात ठेवला तर हात उचलताना चादरही थोडी उठली. ‘हात चिटकस वं माय...’ आबा म्हणाले, ‘म्हणजे पकड शे! जावई बाजवरतून पडनार नही.’

आणि दुसऱ्या दिवशी आले! बैलगाडीतून आधी छत्री उतरली, मग कौतिकराव उतरले, आणि मागून वच्छला. सुंदरबाईंनी लेकीला पोटाशी धरलं, काय काय विचारायचं होतं वर्षाचं, सासू कशी वागते, अशी वाळली का, केस का गळताहेत, सगळं ओठावर आलं... आणि तेवढ्यात, ‘मामी!’ सासूला ते मामी म्हणायचे. ‘मामी, शय्या कुठंय?’ बाईंनी लेकीला सोडलं आणि जावयाला बाज दाखवली. कौतिकरावांनी चादरीचा वास घेतला. चटणीचा वास हो, जवसाच्या! डोळे मिटले. ‘अहाहा! हाच तो! अस्सल विलायती! असलं लिनन आमच्या साहेबाकडेही नसेल!’ सुंदरबाईंचा जीव भांड्यात पडला. आबा मात्र कोपऱ्यात कापसाच्या ढिगाकडे बघत पुटपुटले, घरात कापूस आढ्याला टेकलाय, आणि याला पाहिजे जवस!

मग जेवण. धोंड्यांचं ताट, खापरावरचे पुरणाचे मांडे, आमरस, वर तूप, तुपावर तूप... जावई जेवले असे, की वाढणारे दमले. आणि मग भर दुपारी, बाहेर सणसणीत झळा, कौतिकरावांनी कोट काढला, सदरा काढला, पाठ उघडी टाकली, आणि पाठीवर केस म्हणाल तर अस्वलानं मत्सर करावा, आणि तसेच उताणे लिननवर पडले. ‘वा! गार! गार म्हणजे किती गार!’ आणि घोरायलाही लागले. सुंदरबाई हळूच वच्छलाजवळ बसल्या, तिच्या केसांत बोटं घातली, म्हणाल्या, आता सांग. वच्छलानं तोंड उघडलं.

आणि आतून किंकाळी! साधी नाही, भुसावळच्या इंजिनाची! सगळे धावले. बघतात तर कौतिकराव उठून बसलेत आणि चादरही उठून बसलीय! घाम, तेल, ऊन आणि केस, चौघांनी मिळून काय जोड मारला होता म्हणून सांगू! उभे राहिले तर चादर उभी. वळले तर चादर वळली. चुडामणनं मदत म्हणून एक कोपरा ओढला, तर पुन्हा इंजिन! ‘सोड! सोड गाढवा! केस! केस येताहेत!’ आणि मग तोंड सुटलं. ‘हे लिनन आहे? हा फास आहे! माझा जीव घ्यायला बोलावलं! वच्छला, गठुडं बांध, या घराचं पाणी आजपासून बंद, आत्ताच्या आत्ता भुसावळ!’ वच्छला रडायला लागली, आणि कौतिकराव तसेच दारातून बाहेर! कोट चढेना, सदरा चढेना, खाली धोतर, मागे पांढरी चादर लोळतेय, आणि चेहरा लालबुंद!

तेवढ्यात समोरून भिकुबाई. बिचारीला डोळ्यांनी कमी दिसायचं. तिला दिसलं उघडं अंग, लांब पांढरं वस्त्र, डोळ्यांत अंगार. तिनं चपला काढल्या, घरात गेली, सूपभर दाणे घेऊन आली आणि वाकून म्हणाली, ‘कोठेना बाबा शेतस? पसाभर दाना लई ल्या, महाराज! आनि मना नातूना ताप उतरू द्या!’ मागून चार बायका आल्या, एकीनं पायच धरले! रेल्वेच्या कारकुनाचे! कौतिकराव जसे गेले तसे मागच्या पावली घरात, आणि दाराला कडी.

आबांनी गोडं तेल कोमट करून आणलं आणि कोपऱ्याला लावलं. आणि काय सांगू, कोपरा सुटला की हो, अलगद! आबा खूश झाले, दुसऱ्या कोपऱ्याला लावणार, एवढ्यात सुंदरबाईंनी त्यांचा हात धरला. बाई कोपऱ्याकडे बघत होत्या. मग वच्छलानं बांधायला घेतलेल्या गठुड्याकडे बघितलं. आणि त्या बाईनं, तुम्हाला सांगतो, सुटलेला कोपरा परत जावयाच्या पाठीवर दाबला! ‘वढू नका! कातडं निंघी येई! रोज वीतभरच सोडावनं, हळूहळू. पालथे झोपा, जावईबापू. हलानं नही!’ आबांनी तोंड उघडलं. बाईंनी नुसतं पाहिलं. आबांनी तोंड मिटलं. त्यांच्या संसाराला चाळीस वर्षं झाली होती, काही गोष्टी त्यांनाही कळत होत्या.

तर झालं! जोवर चादर जावयाच्या पाठीवर, तोवर लेक माहेरी! कौतिकराव पालथे निजले, आता कशावर? कापसाच्या गोधडीवर! खाली मऊ, वर आमरस. एक वीत आज, एक वीत उद्या, मधे एक दिवस मुहूर्त चांगला नाही म्हणून खाडा. हापिसात निरोप गेला, पाठीचं दुखणं आहे. बाईंनी ताणता येईल तितकं ताणलं, शेवटी चादरच संपली, त्याला त्या काय करणार? एक दिवस ती पूर्ण सुटून हातात आली. सुंदरबाईंनी सुस्कारा सोडला, झालं, गेली आता पोर.

आणि कौतिकराव काय म्हणाले असतील? पालथ्या पालथ्या, डोळे मिटून? ‘मामी, मधे अजून चिकटलंय हो.’

बाईंनी पाहिलं. पाठ कोरी करकरीत. ‘काही नही वं तठे.’ ‘नाही कसं? मला जाणवतंय ना! आज मांडे आहेत का? वच्छला, पंखा थांबवू नकोस. आणि मामी, ही गोधडी! काय गार, काय मऊ! घाम कसा पिऊन टाकते! अहो, कापूस म्हणजे कापूस! आमच्या साहेबाला सांगितलं पाहिजे!’ आबांनी कपाळावर हात मारला तो असा, की माजघरातला कापूस हलला. इतके दिवस जवसापायी जीव खाल्ला, आणि आता याला कापूस पाहिजे!

आता तुम्ही म्हणाल, चांगलं झालं की! लेक महिनाभर राहिली! राहिली हो, राहिली. पण कुठं राहिली? नवऱ्याच्या डोक्याशी, पंखा घेऊन! आणि आई कुठं? चुलीपुढे, खापरावर मांडे टाकत! सकाळी दोघी जरा जात्यावर बसल्या की, ‘वच्छलाऽऽ, पाणी!’ दुपारी बाईंनी लेकीचे केस मोकळे केले, तेलाची वाटी घेतली, की, ‘मामीऽऽ, रस उरलाय का?’ एकदा तर वच्छला कुजबुजत म्हणाली, ‘माय, एक गोट सांगू का...’ आणि बाईंनी कान पुढे केला, जीव कानात आणला, आणि आतून, ‘अगंऽऽ, कूस बदलायचीय!’ ती गोष्ट राहिली ती राहिलीच. महिनाभर लेक एका छपराखाली, आणि आईला तिच्याशी धड एक वाक्य बोलता आलं नाही! हाका मारून गावातल्या बायका विचारायच्या, ‘काय वं, पोर उनी ना?’ बाई पदरानं घाम पुसत म्हणायच्या, ‘उनी ते शे.’ आली तर आहे, एवढंच!

शेवटी अधिक महिना संपला. बाईंनी स्वतःच्या हातानं गठुडं बांधलं, आबांनी न सांगता बैल जुंपले, चुडामणनं छत्री आणून हातात दिली. कौतिकराव उठले, तब्येत सुधारलेली, गाल वर आलेले, पाठ पुसून म्हणाले, ‘त्या दुसऱ्या चादरीला तेल लावलं का हो? नाही, म्हटलं, पुढल्या वर्षी...’ आबांनी हाताला धरून त्यांना गाडीत चढवलं. वच्छला मात्र आईच्या गळ्यात पडून धाय मोकलून रडायला लागली, माय, काहीच बोलणं झालं नाही गं, काहीच झालं नाही.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दिल्या लेकीच्या घरचं आई-बाप पाणीसुद्धा पीत नाहीत, सुंदरबाईंनीही भुसावळचा उंबरा कधी पाहिला नव्हता. पण त्या दिवशी बाईंच्या डोळ्याला टिपूस नव्हतं. त्यांनी लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, गाडीत बसलेल्या नारायणाकडे एकदा पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, ‘रडू नको वं. पुढला आठवडामा मीच येसू तुन्हाकडे. मनं पानी मी घागरमा लई येसू... पन तठे तो दिवसभर हापिसमा तरी ऱ्हास!’